शालन नावाची होडी

शालनताई आमच्या ऑफिसात आल्या त्या फोन उचलण्यासाठी. मालवणात ऑफिस उघडून तीनच महिने झाले होते, आणि पुण्यात आठ वर्षं नोकरी केल्यामुळे माझ्या डोक्यात एक किडा होता की, कंपनी म्हटली की टेबलावर तारेचा फोन हवा आणि तो उचलणारं माणूस हवं. माणूस मिळालं. फोन मात्र कोणी करेना. गावातल्या ज्याला माझ्याशी काम असे तो खालच्या जाळी-दोरीच्या दुकानापाशी उभा राहून "नंदू, आसस काय रे?" अशी हाक मारी, आणि पुण्या-मुंबईचे लोक थेट मोबाइलवर बोलत. त्यामुळे टेलिफोन खात्यात उभी हयात काढलेली ही बाई पहिले पंधरा दिवस एका मुक्या फोनसमोर ताठ बसून होती. सोळाव्या दिवशी त्यांनी मला विचारलं, "नंदू, ह्यो फोन बिघडलो की आपला नशीब?"

वय सहासष्ट. उंच, सडपातळ अंगकाठी, कडक इस्त्रीची सुती साडी, केसांत अबोलीचा वळेसर, चष्म्याला काळी दोरी. घड्याळ उजव्या मनगटावर, कारण डावा हात तीसेक वर्षं रिसीव्हरचा होता. नवरा बोटीवर होता, तो वारून बरीच वर्षं झाली होती, मुलगी नाशकात. आवाज मात्र चाळिशीतच थांबलेला. कामाचं बोलायचं झालं की शुद्ध पुस्तकी मराठी, "थांबा हं, जोडून देते", आणि फोन खाली ठेवला रे ठेवला की अस्सल मालवणी.

त्या एक्स्चेंजवर होत्या तेव्हा गावातला प्रत्येक कॉल त्यांच्या हातून जाई. कोणाचं लग्न मोडलं, कोणाच्या मुलाने मुंबईत काय दिवे लावले, सगळं त्यांच्या कानावरून गेलेलं. मी एकदा खोदून विचारलं. म्हणाल्या, "आयकलंय सगळा. पण कानावरचो हेडफोन काढलंय की कानपण थंयच ठेवी." पुढे चार वर्षांत मी नाना परीने प्रयत्न केला, पण त्या कानांतून एक अक्षर बाहेर आलं नाही. माझ्याच एका मामाचं प्रकरण त्यांना पक्कं ठाऊक असणार अशी माझी खात्री आहे.

आता आमचं काम सांगायला हवं, नाहीतर शालनताई नेमकं काय करत ते कळायचं नाही. बाजारात दोन जातींचे फोन आहेत. पूर्वी एकच ॲप दोनदा लिहावं लागे, एकदा या जातीसाठी आणि एकदा त्या. आता अशी टूल्स निघाली आहेत की एकदा लिहा आणि दोन्हीकडे चालवा. तीन माणसांच्या ऑफिसला ही मोठीच सोय. पण ॲप म्हणजे काही नुसता पडदा नव्हे. त्याला फोनचा कॅमेरा लागतो, टॉर्च लागतो, आपण कुठे आहोत ते सांगणारं जीपीएस लागतं, थरथर लागते, बोटाचा ठसा लागतो. हे सगळं फोनकडून मागून घ्यायचं ते त्या टूलमार्फत. टूल काय काय मिळवून देतं याचा एक तक्ता असतो. डावीकडे सोयींची नावं, उजवीकडे दोन जातींचे दोन रकाने, आणि रकान्यांत बरोबरच्या हिरव्या खुणा. आम्ही लोक तो तक्ता पंचांगासारखा मानतो. हिरवी खूण दिसली की गिऱ्हाइकाला हो म्हणून टाकायचं.

आमची प्रोग्रॅमर तेजस्विनी रोज कुडाळहून येते. तिने तो तक्ता छापून भिंतीला लावला होता. शालनताई एकदा चष्मा सावरत त्याच्यासमोर बराच वेळ उभ्या राहिल्या.

"नंदू, ही हिरवी खूण कोणी घातल्यान?"

"ज्यांनी टूल बनवलं त्यांनी."

"तेंनी आपल्या हंयचे फोन बघल्यानी?"

"नाही, पण तसं..."

"आमचो दर्यो?"

"शालनताई, दर्याचा इथे काय संबंध?"

"मगे ता कागदार आसा. हातात आसा काय, ता बघूक व्हया."

त्यांनी पिशवीतून एक लाल पेन्सिल काढली. खात्यात असताना ट्रंक कॉलच्या चिठ्ठ्यांवर जोडून दिलेल्या कॉलची खूण करायला त्या लाल पेन्सिल वापरत. निवृत्तीच्या दिवशी हार-नारळाबरोबर तीही घरी आली होती. प्रत्येक हिरव्या खुणेशेजारी त्यांनी एकेक छोटा चौकोन आखला. ती सोय स्वतःच्या हातात, इथल्या फोनवर चालली तरच चौकोनात लाल खूण, नाहीतर चौकोन रिकामा. त्या दिवसापासून त्या आमच्या टेस्टर झाल्या. मी त्यांना नेमलं नाही आणि त्यांनीही मला विचारलं नाही.

त्यांनी गावभरातून जुने फोन गोळा केले. दुरुस्तीवाल्यांनी टाकलेले, भाच्यांनी बदललेले, एक तर मच्छी मार्केटात सापडलेला. टेबलाच्या खणात ते ओळीने झोपवलेले असत आणि प्रत्येकाला नाव होतं. एक होता 'मुंबयकार', दिसायला देखणा पण मे महिन्यात तापून बंद पडणारा. एक 'म्हातारो', ज्याला प्रत्येक गोष्ट दोनदा सांगावी लागे. एक 'व्हकल', म्हणजे नवी नवरी. तिला नवं कव्हर होतं आणि ती कोणालाच हात लावू देत नसे, कारण तिचा पडदा अर्धा मेलेला होता. सकाळी आल्यावर शालनताई सगळ्यांना चार्जिंगला लावत आणि दुपारी जेवण झालं की त्यातले दोन-तीन पिशवीत घालून गावात निघत. "मेजार चलला म्हणजे चलला असा नाय," असं दारातून सांगून जात.

किल्ल्यावर पर्यटक नेणाऱ्या होडीवाल्यांसाठी आम्ही एक ॲप केलं होतं. ज्याच्या फेरीचा नंबर आला त्याचा फोन थरथरणार. तक्त्यात थरथरीला दोन्हीकडे हिरवी खूण होती, ऑफिसात फोन टेबलावर बेडकासारखे उड्या मारत होते. शालनताई 'म्हाताऱ्या'ला कमरेला खोचून किल्ल्याच्या होडीत इंजिनाशेजारी जाऊन बसल्या. दोन फेऱ्या झाल्या. परत आल्या त्या हसतच.

"होडी आख्खी कापता रे. माझे दात कापतत. त्यात फोन कापलो तो कसो कळतलो?"

थरथर काढून आम्ही भोंगा बसवला. आता धक्क्यावर गेलात तर तो तुम्हालाही ऐकू येईल, आणि त्याबद्दल कोणी चार शब्द बोललं तर ते शालनताईंना पोचवा.

बोटाच्या ठशाचा किस्सा यापेक्षा गंभीर. आतल्या भागातल्या एका काजू कारखान्याला हजेरीचं ॲप हवं होतं. बायांनी दारात आपापल्या फोनवर बोट टेकवायचं, की हजेरी लागली. माझं बोट चाललं, तेजस्विनीचं चाललं, दोन्ही जातींच्या फोनांवर चाललं. शालनताई एसटीने कारखान्यात गेल्या आणि दिवसभर बायांबरोबर काजू सोलत बसल्या. संध्याकाळी माझ्या टेबलावर हात पालथे ठेवून म्हणाल्या, "तुझ्या ठशाक सगळा आसा, बोट सोडून." काजूच्या टरफलाच्या तेलाने त्या बायांच्या बोटांची कातडी वर्षानुवर्षं सोलली गेली होती. त्यांतल्या कित्येकींच्या बोटांवर रेषाच उरल्या नव्हत्या. आम्ही ते तसंच दिलं असतं तर त्या बाया दारात उभ्या राहून कामावर आल्या नाहीत अशा ठरल्या असत्या. त्या ओळीचा चौकोन आजही रिकामा आहे. बायांना आम्ही चार आकडी पिन दिला आणि शालनताईंनी पुन्हा जाऊन एकेकीला तो पाठ करवला.

हे ऐकून तुम्हाला त्या देवमाणूस वगैरे वाटतील. माझ्या डोक्याला मात्र त्यांनी जो ताप दिला आहे त्याला तोड नाही. गिऱ्हाईक दारात उभं असायचं आणि यांचा एक चौकोन रिकामा. मी एकदा वैतागून म्हटलं, "शालनताई, तुम्ही ही कंपनी चालू देणार की बंद पाडणार?" त्या थंडपणे म्हणाल्या, "बंद पडली तर बरा. ह्यो फोन उचलूचो तरी वाचतलो." आणि मुक्या फोनवरची धूळ पुसली. ती धूळ त्या रोज पुसत. त्याचं बिल भरणं बंद करू या, असं मी दर महिन्याला म्हणे आणि दर महिन्याला त्या म्हणत, "ऱ्हांव दे रे. लाइन तोडूची नसता."

मग आलं मच्छीमारांच्या सोसायटीचं काम. प्रत्येक होडीत एक फोन. घरच्यांच्या फोनवर नकाशा आणि नकाशावर त्या होडीचा ठिपका. माणूस कुठे आहे ते घरी कळावं, एवढंच. काम माझ्या मनापासून आवडीचं होतं. त्याला लागणारी मुख्य सोय म्हणजे ॲप समोर उघडं नसलं, पडदा बंद असला, तरी फोनने आपलं ठिकाण सांगत राहायचं. तक्त्यात त्या ओळीला दोन्हीकडे हिरवी खूण होती. शालनताईंनी ते कुडाळच्या एसटीत तपासलं, धामापूरच्या तळ्याभोवती भर दुपारी छत्री घेऊन चालत तपासलं, डोंगरावरच्या आंब्याच्या कलमांत तपासलं. सगळीकडे चाललं. तरी चौकोन रिकामा.

"आता काय राहिलं?" मी विचारलं.

"दर्यो."

खरी अडचण इथे होती. आमच्याकडे मासेमारीच्या होडीवर बाईमाणसाला घेत नाहीत. कोणी तोंडाने सांगत नाही, पण घेत नाहीत. शालनताई बाबलकडे गेल्या. बाबल हा देवबागचा तांडेल, म्हणजे होडीचा मुख्य माणूस, सोसायटीतला सगळ्यांत समजूतदार. तो डोकं खाजवत म्हणाला, "ताई, तुमका नाय कसा म्हणू? पण होडयेवरचे गडी आयकूचे नाय." शालनताईंनी आग्रह केला नाही. "मगे तू फोन घेवन जा. चार दिवस जावन ये, माका सांग कसो वागलो तो. मगे बघू." बाबल हो म्हणाला. पण त्याच आठवड्यात त्याचं इंजिन बिघडलं, होडी वाळूवर आली आणि ते चार दिवस पुढे ढकलले गेले.

इकडे सोसायटीच्या अध्यक्षांना घाई. दिवाळीआधी नारळ फोडायचाच. ते रोज फोन करत, अर्थात माझ्या मोबाइलवर. त्यात शालनताई बहिणीच्या नातवाच्या बारशासाठी तीन दिवस आरोंद्याला गेल्या.

आता जे सांगतो ते मला सांगायला आवडत नाही. पहिल्याच दिवशी दुपारी तेजस्विनी डबा धुवायला गेली असताना मी शालनताईंचा खण उघडला, लाल पेन्सिल काढली आणि त्या रिकाम्या चौकोनात खूण केली. सगळीकडे चाललंय, दर्यात न चालायला काय झालं, असं मी स्वतःला सांगितलं. दुसऱ्या दिवशी बंदरावर नारळ फुटला. अध्यक्षांनी भाषण केलं, तीन होड्यांचे ठिपके बंदरात इकडून तिकडे फिरले, लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यातली एक होडी बाबलची होती, दोनच दिवसांपूर्वी दुरुस्त झालेली.

तिसऱ्या दिवशी सकाळी शालनताई एसटीतून उतरून थेट ऑफिसात आल्या. पिशवी ठेवली, भिंतीकडे बघितलं.

"नंदू, ही खूण माझी नाय."

"मी केली. सगळीकडे चाललं होतं, शालनताई."

 त्या माठातलं पाणी प्यायल्या आणि फोन चार्जिंगला लावायला बसल्या. मी तेवढ्यावर सुटलो असं मला वाटलं.

दहाच्या सुमारास जिना चढून एक म्हाताऱ्या बाई आल्या. हातात मोबाइल असा धरलेला की जसं काही भरलेलं भांडं आहे. त्या बाबलची आई, रुक्मिणकाकी. नाकात चमकी, साडीचा पदर वाऱ्याने विस्कटलेला. त्या दिवशी वारा खरंच सुटला होता.

"ह्यो ठिपको आठ वाजल्यापासून हलाक नाय," त्या म्हणाल्या.

मी बघितलं. बाबलचा ठिपका निवतीच्या बाहेरच्या खडकांना चिकटून उभा होता. दुसऱ्या दोन होड्या हलत होत्या, वारा बघून जाळी न टाकताच परत येत होत्या. बाबलचा मोबाइल लागत नव्हता. त्याची होडी लहान, तिच्यात वायरलेस नव्हता. मी रुक्मिणकाकींना समजवायला लागलो, नेटवर्क नसेल, बॅटरी संपली असेल, सर्व्हर... माझं मलाच ऐकवेना.

"माका ता काय कळणा नाय," त्या म्हणाल्या. "काल बंदरात हलत होतो. आज खडपाकडे उभो आसा. इतक्या कळता."

आयुष्यात एवढी लाज मला कधी वाटली नव्हती. पूर्वी त्यांचा मुलगा दर्यात गेला की त्यांना काही दिसत नव्हतं आणि त्या आपलं घरकाम करत होत्या. आता मी त्यांच्या हातात खडकाला लागलेला एक ठिपका दिला होता.

शालनताई उठल्या. त्यांनी आपली खुर्ची ओढून दिली. "रुक्मिण, बस." मग तेजस्विनीला चहा ठेवायला सांगितलं आणि टेबलावरचा मुका फोन स्वतःकडे ओढला. रिसीव्हर डाव्या हातात घेतला. टेबलाच्या खालच्या खणातून एक जाड वही निघाली, त्यात किनाऱ्यावरच्या गावांचे नंबर होते, कोणाचं दुकान, कोणाचा बर्फाचा कारखाना, कोणी त्यांच्याबरोबर नोकरीला होती तिचं घर. त्यांनी पहिला नंबर फिरवला.

"हॅलो. मालवण बोलतंय."

मी त्यांना इतकी वर्षं ओळखत होतो, पण तो आवाज पहिल्यांदा ऐकला. त्यात घाई नव्हती आणि धीर देण्याचा आवही नव्हता. भोगव्याला कोणी उचललं नाही. निवतीच्या एका दुकानदाराने सांगितलं, बघून सांगतो. वेंगुर्ल्याला त्यांची जुनी सहकारी होती, तिने मुलाला बंदरावर पाठवलं. रेडीला त्यांनी निरोप ठेवला, अशी अशी होडी, निळा पट्टा, आश्रयाला आली तर कळवा. एक कॉल झाला की वहीत लाल पेन्सिलीने टिंब, की पुढचा.

मधल्या वेळात रुक्मिणकाकी माझ्याशी बोलल्या. माझ्याशी म्हणजे भिंतीशीच. "ह्यो बाबल मांडयेर होतो तेवा असोच वारो सुटललो. हेचो बापूस दोन दिस घराक येवक नाय. मी पोराक घेवन टेलिफोनात जावन बसलंय. रेडीक विचारा, रेडीक विचारा. ही शालन तेवा कवळी पोर. दर अर्ध्या तासान माका येवन सांगी, लाइन लागणा नाय गो. आणि चाय देय."

"मग?" मी विचारलं.

"मगे काय? तो रेडीकच होतो. बरो जेवन-खावन बसललो. तारच तुटलली." त्यांनी पदर सावरला. "पण दोन दिस मी रांडाव होतंय."

शालनताईंनी मान वर केली नाही. त्या नंबर फिरवत होत्या. मला त्या रिकाम्या चौकोनांचा अर्थ तेव्हा कळला. एक्स्चेंजात बसून त्यांच्याजवळ सगळं होतं, बोर्ड होता, तारा होत्या, कागदावर रेडी जोडलेली होती. आणि बाकावरच्या बाईला देण्यासारखा फक्त चहा होता.

पाऊण तासाने आमच्या ऑफिसातला तो फोन वाजला. चार वर्षांत पहिल्यांदा. आम्ही तिघंही दचकलो. शालनताईंनी दुसरी घंटा व्हायच्या आत उचलला. निवतीचा दुकानदार होता. नुकतीच एक होडी बंदरात शिरली होती, तिच्यावरच्या लोकांनी बाबलला खडकांच्या पलीकडे बघितलं होतं. जाळी ओढत होता. बांगडा बरा लागला होता. हात दाखवून काहीतरी ओरडला, वाऱ्यात ऐकू आलं नाही, पण हसत होता.

शालनताईंनी रिसीव्हर खाली ठेवला, चष्मा काढून पदराने पुसला आणि पुन्हा घातला.

"रुक्मिण," त्या म्हणाल्या, "लाइन लागली गो."

 मग रुक्मिणकाकींनी गार झालेला चहा एका घोटात संपवला आणि घरी भात टाकायचा आहे म्हणून निघून गेल्या.

बाबल तीन वाजता आला, बांगड्याच्या वासासकट. फोन कुठे आहे विचारल्यावर त्याने पिशवीतून स्टीलचा एक डबा काढला, घट्ट झाकणाचा, जेवणाचा. आत फडक्यात गुंडाळलेला फोन, ठणठणीत, चालू. "खाऱ्या पाण्यान गेल्या वर्साक एक फोन मेलो माझो," तो म्हणाला. "म्हणान जाळी टाकूच्या आदी डब्यात घातलंय. सगळेच घालतत."

सगळेच घालतात. इथला प्रत्येक माणूस फोन स्टीलच्या डब्यात घालून दर्यात नेतो आणि हे जगातल्या कुठल्याही तक्त्यात लिहिलेलं नाही. तेजस्विनीने त्याला समजावलं की, घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात फोनला आभाळातलं काही ऐकू येत नाही. बाबलचा चेहरा पडला. "म्हणजे मीयाच तेका कोंडून घातलंय?"

  शालनताई घरी गेल्या आणि लोणच्याची एक प्लॅस्टिकची बरणी घासूनपुसून घेऊन आल्या, लाल फिरकीचं झाकण असलेली. फोन आत टाकला, झाकण लावलं आणि माठाशेजारच्या बादलीत बुडवून काढला. कोरडा.

"आता?" मी विचारलं.

"आता दर्यो," त्या म्हणाल्या.

बाबलने रिकामा डबा पिशवीत टाकला. मग म्हणाला, "ताई, उद्या पाच वाजता धक्क्यार येवा. गड्यांचा मी बघतंय." गड्यांचं त्याला बघावं लागलंच नाही. रुक्मिणकाकींनी त्याच संध्याकाळी दोघा गड्यांच्या घरी जाऊन त्यांचं बघितलं होतं.

सत्तरीच्या शालनताई साडीचा काचा मारून, छत्री घेऊन, बरणी मांडीवर धरून पहिल्यांदा मासेमारीच्या होडीत बसल्या. मी धक्क्यावर होतो. मला त्या म्हणाल्या, "हंय काय करतंस? ऑफिसात जा, ठिपको बघ." मी गेलो. रुक्मिणकाकी आधीच येऊन बसल्या होत्या. आम्ही तिघं तो ठिपका बघत होतो. तो खडकांपाशी पोचला, पलीकडे गेला, रेंगाळला, वळला.  दुपारी शालनताई जिना चढून आल्या तेव्हा नाक उन्हाने लाल झालं होतं आणि हातात दोरीच्या गाथणीला ओवलेले सहा बांगडे होते. दोन तेजस्विनीला, दोन मला, दोन घरी.

मग त्यांनी पेन्सिल घेतली. माझी खूण जाड होती, चोराची असते तशी. ती खोडावी म्हणून मी रबर पुढे केला. "लाल पेन्सिल पुसणा नाय," त्या म्हणाल्या. "ऱ्हांव दे तशीच. बरी आसा थंय." आणि तिच्या शेजारी आपली बारीक खूण केली.

गेल्या वर्षी त्यांचे गुडघे फार दुखायला लागले. मुलगी येऊन नाशकाला घेऊन गेली. निघताना खणातले सगळे फोन त्यांनी तेजस्विनीला नावांसकट समजावून दिले. मला वही दिली आणि पेन्सिलीचं बोटभर उरलेलं थोटूक. स्टँडवर एसटीच्या खिडकीत त्या ताठ बसल्या होत्या, मांडीवर लोणच्याची बरणी. बाईसाहेब लोणचं कुठलं, असं कंडक्टरने विचारलं असणार. मला रडू येत होतं. त्या म्हणाल्या, "रडतंस कित्याक? घाटात बघ तो चलता काय."

दुपारी ऑफिसात पाहतो तर होड्यांच्या यादीत एक नवीन होडी. नाव: शालन. सोसायटीच्या इतर होड्या दर्यात फिरत होत्या आणि ही एक होडी घाट चढत होती. अध्यक्षांचा मला फोन आला, "नंदू, हंयली एक होडी कोल्हापूराक कशी गेली?" मी म्हटलं, असू द्या, टेस्टिंग चालू आहे.

ते अजून चालू आहे. रोज सकाळी अकराला 'शालन' नाशकातल्या एका इमारतीतून निघते, भाजी बाजारात जाते आणि बाराच्या आत परत येते. गुडघे बरे असावेत. बंदरावरच्या बायांनाही ती होडी पाठ झाली आहे. रुक्मिणकाकी मुलाचा ठिपका बघून झाला की तिचा बघतात.

मागच्या आठवड्यात टूलची नवी आवृत्ती आली. नवा तक्ता आला, अथपासून इतिपर्यंत हिरवागार. आम्ही तो छापून भिंतीला लावला, मी थोटकाने चौकोन आखले. तेजस्विनीने ॲप नवीन करून तपासणीसाठी आमच्या फोनांवर आणि नाशकाला पाठवलं. तपासणी ऑफिसात चालली, एसटीत चालली. सोसायटीचे अध्यक्ष नवीन होडीवाल्यांसाठी घाई करत होते. मी थोटूक हातात घेऊन त्या ओळीपाशी उभा होतो, तेवढ्यात टेबलावरचा फोन वाजला.

"हॅलो. मालवण?"

"हो, शालनताई."

"नाशकाक चेडवाच्या इमारतीत लिफ्ट आसा. आत गेलंय की ठिपको थांबता, ता ठीक. लिफ्ट म्हणजे पण डबोच. पण आदी बाहेर इलंय की लगेच चली. आता इलंय तरी किती वेळ उभोच ऱ्हवता. खूण घातलंस काय?"

"नाही," मी म्हटलं.

"घालू नको. दर्यात जावन ये आदी." आणि मग पुस्तकी मराठीत, "ठीक आहे, ठेवते," म्हणून त्यांनी फोन ठेवला.

मी 'म्हाताऱ्या'ला आणि 'मुंबयकारा'ला एकेका बरणीत घातलं. खाली जाळी-दोरीच्या दुकानावरून धक्क्यावर आलो. बाबल इंजिन चालू करत होता.

"नंदू, तू येतंस?"

"येतंय," मी म्हटलं.

होडीत बसल्यावर माझ्या स्वतःच्या फोनवर एकदा यादी उघडली. सव्वाअकरा झाले होते. 'शालन' उशिराने, पण इमारतीतून निघाली होती. मी तेवढं बघितलं आणि तोही फोन बरणीत टाकून झाकण लावलं.